बेव्हच्या झोपलेल्या गर्ल्स

थांबा, आधी सगळ्यांनी चहा ओतून घ्या. मी सांगत असताना मध्येच कुणी साखर आणायला उठलं की माझी लिंक तुटते.

तर, आमच्या ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये मला काय मान आहे म्हणून सांगू. हिवाळा आला की माझा फोन वाजायला लागतो. "स्टेला, जिरेनियम आत घेऊ का गं?" "स्टेला, फुशियाची पानं काळी पडली, गेली का ती?" मी इकडे भाजी परतत परतत तिकडे सांगते, पाणी कमी कर, भिंतीच्या कडेला सरकव, रात्री जुनी चादर टाक. आणि झाड जगतं बरं का. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

पण ही विद्या मला मिळाली कुठून, ते मी सहसा सांगत नाही. तुम्ही आपली माणसं, म्हणून सांगते. माझ्या या सगळ्या कीर्तीच्या मुळाशी एक गाढवपणा आहे. मुळाशी हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, पुढे कळेल.

मी वसईची. आमची वाडी आहे. मोगरा, सोनचाफा, केळी, पानवेल, आणि बावखलाच्या काठाने रताळी. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. चालायला लागले तेव्हाच मी कलम बांधायचे, असं पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. थोडं वाढवून सांगतात, पण मी त्यांना कधी अडवलं नाही.

पप्पांचा एक नियम होता. डोळा असलेली वस्तू फेकायची नाही. उसाचं कांडं असो, बटाटा असो, सुरण असो, जिथून कोंब फुटतो तो डोळा. तो दिसला की जवळच्या मातीत खुपसून मोकळं व्हायचं. आमच्याकडे स्वयंपाकघरातून काही बाहेर गेलं तर ते उगवूनच परत यायचं. एवढं लक्षात ठेवा, कामाला येईल.

आता टूवूंबा. तेव्हा आपल्याकडची मुलं शिकायला ऑस्ट्रेलियात नुसती लोटत होती. ज्याला त्याला एजंट सिडनी नाहीतर मेलबर्न दाखवायचा. मला नर्सिंगसाठी टूवूंबा मिळालं. "क्वीन्सलँड आहे मॅडम, नुसतं ऊन," एजंट म्हणाला. त्याच्या भरवशावर मी दोन पातळ स्वेटर घेऊन आले. टूवूंबा डोंगरावर आहे, हे त्याने सांगितलं नव्हतं. जूनमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन थंडीत, एका सकाळी दाराबाहेर गवत पांढरं दिसलं. मला वाटलं, कुणाचं मीठ सांडलं. तो फ्रॉस्ट होता, म्हणजे हिमाचा थर. वसईच्या माणसाने तो फक्त फ्रीजरमध्ये बघितलेला असतो.

माझी रूममेट मृण्मयी. पुण्याची, अकाउंटिंगची. आणि आमची घरमालकीण बेव्ह. सत्तरीची, लाकडी घरात एकटी, आम्हाला दोघींना मागची खोली दिलेली. टूवूंबातली म्हातारी माणसं हिवाळा आला की कॅरावॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन उत्तरेला ऊन खायला पळतात. बेव्हही बहिणीबरोबर निघाली, थेट सप्टेंबरपर्यंत. आम्हाला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता, त्यात माझ्या शिफ्ट. घराचं मागचं अंगण मी उजेडात नीट पाहिलंही नव्हतं.

निघायच्या सकाळी बेव्ह मला व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे कुंड्यांची रांग. "ह्यांना पाणी कमी, लव्ह. रात्री आभाळ मोकळं असलं तर फ्रॉस्ट पडणार, मग ही चादर टाकायची."

"बेव्ह, माझ्या वडिलांची फुलांची वाडी आहे," मी म्हणाले. ही गोष्ट मी तिला आठवड्याभरात बरेचदा सांगितली होती.

"म्हणून तर मी निश्चिंत आहे," बेव्ह म्हणाली. तेवढ्यात बाहेर बहिणीने हॉर्न मारला. बेव्ह पायऱ्या उतरता उतरता वळली. "आणि हो, माझ्या गर्ल्स शेडमध्ये झोपल्यात. त्यांना उठवू नकोस. ओल लागू देऊ नकोस. मधून मधून बघ, एखादी मऊ पडली तर लगेच बाजूला काढ, नाहीतर बाकीच्यांना लागेल. आणि घरात, शेडमध्ये जे काही खाण्यासारखं आहे ते खाऊन टाका, वाया घालवू नका."

"नो वरीज," मी म्हणाले.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने विचारलं असतं, गर्ल्स म्हणजे कोण? पण मला विचारायची गरजच नव्हती ना. मी ज्या वृद्धाश्रमात शिफ्ट करायचे, तिथले एक आजोबा मला रोज विचारायचे, "माझ्या गर्ल्सना दाणे कोण टाकतंय?" मला आधी वाटलं, किती पोरी आहेत यांना. मग कळलं, इथे लाडाने कोंबड्यांना गर्ल्स म्हणतात. नुसत्या कोंबडीला म्हणतात चूक. आर्वो म्हणजे दुपार, एस्की म्हणजे बर्फाचा डबा, चूक, सगळे शब्द मी शिकून घेतले होते. माझं ऑस्ट्रेलियन इंग्लिश मृण्मयीपेक्षा चांगलं आहे, असं मी मृण्मयीला सांगायचे. ज्या भाषेत कोंबडीला चूक म्हणतात, तिथे खरं तर मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायच्या आधी तांदूळ घेऊन शेडमध्ये गेले. आत काय? गवत कापायचं मशीन. उपड्या घातलेल्या रिकाम्या कुंड्यांची चळत. आणि एका मोठ्या खोक्यात, लाकडाच्या भुश्यात, रताळी. कोंबडी एकही नाही.

मी मृण्मयीला हाक मारली. ती टूथब्रश तोंडात घेऊनच आली.

"कोंबड्या गेल्या," मी म्हणाले.

"कुठे?"

"ते माहीत असतं तर गेल्या म्हटलं असतं का?"

तिने शेडभर नजर फिरवली. दाराखाली हातभर फट होती. "कोल्ह्याने नेल्या असतील," ती म्हणाली. "पण पिसं कशी नाहीत गं? आणि कोंबड्या महिनोन्‌महिने झोपतात?"

"थंड हवेतल्या आहेत त्या. अस्वलं नाही का झोपत?"

मृण्मयी दात घासायला परत गेली. माझ्या वाडीपुढे तिचं काही चालायचं नाही.

मी ठरवलं, बेव्हचा फोन आला की खरं काय ते सांगून टाकायचं. फोन आला रविवारी. बेव्ह कुठेतरी समुद्रकाठी होती, मागून लाटा ऐकू येत होत्या.

"कशा आहेत माझ्या गर्ल्स?"

मी तोंड उघडलं होतं हो, खरंच उघडलं होतं. पण बेव्हच पुढे म्हणाली, "आणि रॉनची?"

रॉन म्हणजे तिचा नवरा. तो वारलेला आहे एवढं मला माहीत होतं. हॉलमध्ये त्याचा फोटो होता, टोपी घातलेला, हसणारा.

"ती लाल, टोकांना पांढरी. निघताना मी घाईत होते, तुला दाखवायचीच राहिली," बेव्ह म्हणाली. "रॉनने ती स्वतः तयार केली, लव्ह. किती वर्षं लावली त्याने. जगात दुसरीकडे कुठे नाही ती. तो गेला तेव्हा मी म्हटलं, निदान ती तरी आहे. बाकीच्या गेल्या तरी चालेल, पण तिला जप."

"जपते," मी म्हणाले. "झोपलीय ती."

फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं. मेलेल्या माणसाने स्वतः तयार केलेली, जगात एकच असलेली कोंबडी, आणि ती माझ्या ताब्यातून कोल्ह्याने पळवली. वसईला कळलं असतं तर पप्पांनी वाडीतून बाहेर तोंड काढलं नसतं.

"लाल, टोकांना पांढरी," मृण्मयी म्हणाली. "तशीच दुसरी आणू या. बेव्हचा चष्मा जाड आहे."

टूवूंबात तेव्हा बसेस नावाला होत्या आणि आमच्याकडे गाडी नव्हती. गावाबाहेरच्या एका शेतावर कोंबड्या मिळतात असं कळलं, तर टॅक्सी केली. टॅक्सीवाला पंजाबी, तोही आमच्यासारखाच स्टुडंट. शेतावर मी प्रत्येक कोंबडीला शेपटीपासून तपासलं. शेतकरी म्हणाला, अंडी चांगली देणारी ती पलीकडची. मी म्हणाले, अंडी नकोत, मला टोकं बघायचीत. शेवटी एक सापडली, तांबडी लाल, शेपटीच्या टोकाला पांढरी पिसं. तिला सोबत म्हणून आणखी दोन साध्या घेतल्या. एक चूक झाकायला मी तीन चुका विकत घेतल्या, असं मृण्मयी आजही म्हणते.

परत येताना खोकं आमच्या मांडीवर. टॅक्सीवाल्याने आरशात पाहिलं. "मॅडम, बिर्याणी बना रहे हो क्या?"

"नहीं भैया," मृण्मयी म्हणाली, "ये किसी के स्वर्गवासी पति की है."

त्याने आरसा वर वळवला आणि गाडीचा वेग वाढवला.

कोंबड्या शेडमध्ये रुळल्या. मी दाराची फट फळीने बंद केली, सकाळ-संध्याकाळ दाणा-पाणी केलं. व्हरांड्यातल्या कुंड्याही माझ्या हाताखाली मस्त होत्या. फ्रॉस्टच्या प्रत्येक रात्री चादर, सकाळी ऊन आलं की चादर काढायची. गल्लीतल्या लोकांची फुलझाडं करपली, माझं एकही नाही. मी पप्पांना फोनवर सांगायचे, पप्पा, वाडीचं नाव राखलंय.

मग आली आषाढी एकादशी. आमच्यात उपास ईस्टरच्या आधी असतात, त्यामुळे मला तारीख ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मृण्मयी दोन दिवस आधीपासूनच तोंड पाडून बसली. घरी आई काय काय करत असेल, साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस.

"साबुदाणा ब्रिस्बेनहून मागवलाय," ती म्हणाली. "पण रताळी नाहीत. इथलं रताळं आतून गाजरासारखं. शिजलं की लगदा होतो."

"रताळी?" मी म्हणाले. "तू नुसतं सांग. उपास तुझा, रताळी माझी."

मी शेडमध्ये गेले आणि ते खोकं उचलून आणलं. बेव्हनेच म्हटलं होतं ना, खाण्यासारखं असेल ते खाऊन टाका. भुसा झटकला. पातळ तपकिरी साल, आतून पांढरी स्वच्छ, एकेका देठाला पाच-सहा लोंबणारी. मृण्मयीने जरा संशयाने पाहिलं. "ही नक्की रताळी आहेत ना गं?"

आता मला सांगा, बावखलाच्या काठावर रताळी खणत लहानाची मोठी झालेली मी. मला हा प्रश्न?

"मृण्मयी," मी म्हणाले, "तुला ताळेबंद कळतो, मला कंद कळतो."

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलंय. मला तेव्हा नव्हतं कळलं, हाच तर किस्सा आहे.

एकादशीला टूवूंबातली सगळी मराठी पोरं आमच्या स्वयंपाकघरात. सगळी म्हणजे सात-आठ जण. मी आणि मृण्मयीने अख्खं खोकं किसलं. किसाला पाणी फार सुटलं. तूप, जिरं, हिरवी मिरची, वरून दाण्याचं कूट, काय म्हणाल ते घातलं. एका मुलाने घास घेतला आणि म्हणाला, "स्टेला, हे गोड का नाही?"

"थंडीतलं रताळं आहे," मी म्हणाले. "थंडीत गोडी आत राहते."

"चावतानाही आतच राहते?"

"तुला अनुभव नाही," मी म्हणाले, आणि त्याला आणखी एक डाव वाढला. सगळ्यांनी पानं साफ केली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत ज्याच्या-त्याच्या पोटातून गडगडाट ऐकू येत होता, पण त्याचं खापर आम्ही साबुदाण्यावर फोडलं.

किसताना एक गोष्ट झाली होती. प्रत्येक घोसाच्या देठाकडे एक कडक गाठ होती, ती किसणीवर चालेना. मी सुरीने कापून बाजूला ठेवल्या. मृण्मयी कचऱ्यात टाकायला निघाली तर मी तिचा हात धरला. गाठीवर बारीक गुलाबी फुगवटे. डोळे. पप्पांचा नियम. शेडमधल्या दोन मोठ्या कुंड्या उचलल्या, माती भरली, सगळ्या गाठी पुरल्या आणि कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात ठेवल्या. जाताना बेव्हला ताजी रताळी देऊन जाऊ, असा माझा मोठा विचार होता.

बेव्हचे फोन चालूच होते.

"ओल नाही ना लागली गर्ल्सना?"

"अजिबात नाही. शेड कोरडं ठणठणीत आहे."

"सुरकुतल्या असतील तर थोडं पाणी शिंपड."

मी खिडकीतून पाहिलं. लाल कोंबडी अंगणात डौलात फिरत होती. "सुरकुत्या कसल्या बेव्ह. उलट वजन वाढलंय."

"वजन वाढलं? झोपेत?"

"हो."

"काय हात आहे गं तुझा, लव्ह," बेव्ह म्हणाली. "मला एवढ्या वर्षांत कधी जमलं नाही."

मी त्या दिवशी जमिनीवर नव्हते. पप्पांना लगेच फोन. त्यांना माझ्या रताळ्यांचीही बातमी दिली. कोंब आले होते ना खिडकीत.

"वेल कुठवर गेला, बाय?" पप्पांनी विचारलं.

"वेल नाही पप्पा, उभंच वाढतंय. पानांना करवतीसारख्या कडा आहेत."

"रताळं उभं वाढत नाही."

"ते वसईत. हे ऑस्ट्रेलिया आहे, पप्पा."

"असेल बाबा," पप्पा म्हणाले. "तू शिकलेली."

मग ऑगस्टच्या शेवटी बेव्हचा तो फोन आला. "आता आम्ही निघालो परत. गर्ल्सना डोळे आले का गं?"

"डोळे?" मी अंगणात पाहिलं. "आहेत की. दोन-दोन."

"प्रत्येकीला दोन? ब्यूटी. मग आले की लगेच कामाला लागू. धारदार सुरी काढून ठेव. प्रत्येकीचे दोन तुकडे करायचे, उभे. एकेका तुकड्यावर एकेक डोळा राहिला पाहिजे, बस. निम्म्या तुला."

माझ्या हातातला फोन गरम व्हायला लागला. "रॉनचीसुद्धा?"

"रॉनचीच आधी. ती वाढवायचीय मला."

मी मृण्मयीला सगळं सांगितलं. ती जन्माची शाकाहारी, पांढरी पडली. "उभे दोन तुकडे? आणि वाढणार कशा?"

"मला काय माहीत. ती म्हणते तिला त्या वाढवायच्यात."

"नवरा गेल्यावर माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो," मृण्मयी म्हणाली.

आम्ही सुऱ्या लपवल्या. मला त्या लाल कोंबडीचा एव्हाना लळा लागला होता. ती रॉनची नसेना का, मी तिला जपते असा शब्द दिला होता, आणि तो मी पाळणार होते.

बेव्ह आली. उन्हाने तांबूस झालेली, हातात शंखशिंपल्यांची पिशवी. व्हरांड्यातल्या कुंड्या पाहिल्या आणि तिचा चेहरा खुलला. सगळी झाडं टवटवीत, एकही काडी वाळलेली नाही. तिने मला मिठी मारली आणि मागे शेडकडे निघाली. मी पळत पुढे जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बेव्ह, प्लीज. गर्ल्सना कापू नकोस."

"पण लव्ह, कापलं नाही तर त्या नीट वाढत नाहीत."

"त्यांना दुखेल."

बेव्हने माझ्याकडे नीट पाहिलं, थकलेल्या पोराकडे पाहतात तसं, आणि हळूच मला बाजूला करून दार उघडलं. आतून तिन्ही कोंबड्या पंख फडफडवत बाहेर आल्या. लाल तिच्या पायाशी येऊन थांबली.

"ह्या कोण?" बेव्ह म्हणाली.

"तुझ्या गर्ल्स," मी म्हणाले.

"माझ्याकडे चूक नाहीत, स्टेला. कधीच नव्हत्या." ती आत गेली. रिकामं खोकं, तळाशी थोडा भुसा. "माझे डेलिया कुठे आहेत?"

डेलिया. डेलियाचं फूल मी पाहिलं होतं हो, चर्चमध्ये, लग्नात, बशीएवढं. पण त्याचं मूळ कशाला कोण बघायला जातं? थंडीत कुंडीतून काढून, भुश्यात झोपवून ठेवतात, वसंतात डोळे बघून कापून परत लावतात, हे वसईच्या पोरीला कोण सांगणार? मला ते सगळं त्या शेडच्या दारात उभ्या उभ्या एकदम कळलं. ओल, सुरकुत्या, मऊ पडणं, डोळे, सुरी.

"ती रताळी नव्हती?" माझ्या मागून मृण्मयीचा आवाज आला.

"कुठली रताळी?" बेव्हने विचारलं.

"एकादशीची," मी म्हणाले, आणि मग सांगितलं. किसणी, तूप, दाण्याचं कूट, सगळं.

बेव्ह एका उपड्या कुंडीवर बसली. मग तिने मान वर केली. "तुम्ही रॉनला खाल्लंत?"

खरं सांगते, आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. त्या बाईकडे नवऱ्याचं तेवढं एकच जिवंत राहिलेलं होतं, आणि मी ते सात-आठ पोरांना दोन-दोन डाव वाढलं होतं. मृण्मयी माझ्या कानाशी लागली. "म्हणजे माझा उपास मोडला का गं?" मी तिला कोपर मारलं.

"चल, चहा करू," बेव्ह म्हणाली. तिथल्या माणसांचं असंच, कितीही मोठं काही होवो, आधी चहा.

ती स्वयंपाकघरात गेली, किटली भरायला खिडकीशी वळली आणि तशीच थांबली. नळ वाहतोय.

"हे काय आहे?"

"ती माझी रताळी," मी म्हणाले. सवयीने जरा ताठ उभी राहूनच म्हणाले, काय करणार. "म्हणजे, गाठी होत्या. डोळे होते त्यांना. आमच्याकडे डोळा असलेलं फेकत नाहीत."

बेव्हने चष्मा पुसला, पुन्हा घातला, वाकून पानांच्या करवती कडांवरून बोट फिरवलं. बऱ्याच गाठी कुजल्या होत्या, पण तीन कोंब चांगले वीतभर उभे होते. ती हसत होती की रडत होती, मला कळेना. बहुतेक दोन्ही.

"ह्यातला कुठला रॉन?" मी विचारलं.

"फूल आल्याशिवाय कसं कळणार?"

मग तो उन्हाळा कसा काढला मी, माझं मला माहीत. बेव्हने काही चिडचिड केली नाही, त्याचाच जास्त त्रास. ती माझ्याबरोबर कुंड्यांशी बसायची आणि एकेक गोष्ट शिकवायची. कंद कधी काढायचे, किती सुकवायचे, भुसा किती ओला, डोळा कसा ओळखायचा. डोळा मला ओळखता येतो, असं मी एकदा म्हणाले. ती म्हणाली, "हो, कोंबडीचा."

डिसेंबरात पहिली कळी उमलली. पिवळी. बेव्ह छान म्हणाली आणि आत गेली. नाताळानंतर दुसरी. गुलाबी. मी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या, मृण्मयीने गणपतीला नवस बोलला, लाल फुलासाठी दोन धर्म कामाला लावले. तिसरी कळी आडमुठी, उघडायचं नावच घेईना. जानेवारीत एका आर्वोला शिफ्टवरून घरी आले तर बेव्ह अंगणात उभी, आणि तिच्यासमोर ती. गर्द लाल, प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं.

बेव्हने गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ही स्टेला. हिने माझ्या नवऱ्याला खाल्लं आणि परत उगवून दिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पप्पांना फोन केला तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "मी म्हटलं होतं ना बाय, रताळं उभं वाढत नाही." पण त्यांच्या नियमानेच ते जगलं होतं.

कोंबड्या बेव्हकडेच राहिल्या. आणि मी शिकून, नोकरी लागून, लग्न करून स्प्रिंगफील्ड लेक्सला आले तेव्हा तिने मला रॉनचा एक कंद दिला. त्याच्यावर चिठ्ठी बांधली होती, मोठ्या अक्षरांत: जेवण नव्हे, कोंबडी नव्हे. आज माझ्या दारात तो लाल डेलिया फुलतो आणि लोक गाड्या थांबवून बघतात.

तर परवा काय झालं. आपल्या मंडळाने मला बोलावलं, थंडीत कुंड्या कशा जगवायच्या यावर बोलायला. एक्स्पर्ट म्हणून. मी चांगली पैठणी नेसले, गजरा माळला, मृण्मयीलाही हौसेने बोलावलं, कंद हातात उंच धरून तासभर बोलले. लोक लिहून घेत होते. शेवटी मी ऐटीत विचारलं, "कुणाला काही शंका?"

पुढच्या रांगेतल्या एक काकू उठल्या, नुकत्याच नाशिकहून मुलाकडे आलेल्या. "अगं, हे तर अगदी रताळ्यासारखं दिसतंय. चुकून कुणी खाल्लं तर?"

"काही होत नाही काकू," मी झटकन म्हणाले. "पाणी जरा जास्त सुटतं आणि गोड लागत नाही. पोट दुसऱ्या दिवशी थोडं गडगडतं, एवढंच."

अख्ख्या हॉलमध्ये पेनं थांबली. काकू माझ्याकडे बघतायत, मी कंदाकडे बघतेय.

आणि मागच्या रांगेतून मृण्मयीचा आवाज आला. "उपासालाही चालतं, काकू. फक्त खायच्या आधी विचारायचं, नवरा कुणाचा आहे."